ऊन पाण्याची वाट

घरांत नळ आला म्हणजे पाणी आलें. परंतु तेवढ्यानें ऊन पाणी आलें असें होत नाहीं. माडीवरच्या स्नानगृहांत तोटी सोडावी, धारेखालीं हात धरावा, आणि मिनिटभर गार पाणी मोरींत वाहून जातांना पाहावें, हा अनुभव आधुनिक घरांतून नित्याचाच आहे. ज्या पाण्याची वाट पाहिली जाते, तें अग्नीपाशीं केव्हांच तयार असतें. आडवें येतें तें मधल्या नळींत निवून बसलेलें पाणी. हें अंतर कसें तोडावें, या प्रश्नाचा इतिहास सुमारें दोनशें वर्षांचा असून, त्यांतील पुष्कळसा भाग लंडनच्या घरांतून घडला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनमधील सधन कुटुंबाचें घर तीन-चार मजली असे. स्वयंपाकघर तळघरांत आणि निजावयाच्या खोल्या अगदीं वर. ऊन पाणी वर नेण्याचें साधन म्हणजे घरची मोलकरीण. पहाटे उठून तिनें चूल पेटवावी, झांकणाच्या भांड्यांत कढत पाणी भरावें, जिने चढावे, आणि प्रत्येक खोलीच्या दाराशीं एकेक भांडें ठेवावें, असा क्रम असे. एक गॅलन पाण्याचें वजन दहा पौंड भरतें. स्नानाच्या टबाला असे कितीतरी गॅलन लागत, आणि स्नान आटोपल्यावर तेंच पाणी पुन्हां खालीं न्यावें लागे. घरधन्याला वाट पाहावी लागत नसे, कारण ती वाट दुसऱ्या कोणाच्या तरी पायांनीं तुडविली जात होती.

वास्तविक पाण्याला स्वतःच्याच गुणानें वर चढवितां येतें, हें ज्ञान त्याआधींच झालें होतें. तापलेलें पाणी प्रसरण पावून हलकें होतें व वर जातें. गार पाणी जड म्हणून खालीं उतरतें. फ्रान्समध्यें बोनमें नांवाच्या गृहस्थानें १७७७ मध्यें याच तत्त्वावर नळ्यांतून ऊन पाणी फिरवून कोंबडीचीं अंडीं उबविण्याची योजना केली. १८३१ मध्यें लंडन येथें एंजियर मार्च पर्किन्स यानें बंद नळ्यांतून अतितप्त पाणी खेळवून इमारती उबदार राखण्याचें पेटंट घेतलें. पुढें हीच कल्पना स्नानगृहाच्या उपयोगीं पडली. चुलीच्या पाठीशीं लोखंडी बॉयलर बसवीत आणि त्यापासून दोन नळ्या वरच्या टाकीपर्यंत नेत. एकींतून ऊन पाणी चढे, दुसरींतून गार उतरे.

या सोयीबरोबर नवें संकटही घरांत शिरलें. कडक थंडींत नळ्यांतील पाणी गोठलें, आणि कोणीं नेहमींप्रमाणें चूल पेटविली, तर दाबाला बाहेर पडण्यास मार्ग न मिळून बॉयलर फुटे, व चुलीपाशीं असलेल्या माणसाच्या जिवावर बेते. म्हणून संरक्षक झडप आली, आणि ऊन पाण्याचा सांठा थंडगार माळ्यावरून हलवून चुलीच्या जवळपास आणण्यांत आला.

तथापि सांठ्यापासून दूरच्या तोटीपर्यंतचें अंतर राहिलेंच. येथें थोडा हिशेब उपयोगी पडतो. पाऊण इंच पोकळीची नळी पंधरा मीटर लांब असेल, तर तिच्यांत सुमारें सव्वाचार लिटर पाणी मावतें. तोटींतून मिनिटाला सहा लिटर पाणी पडत असेल, तर हें गार पाणी निघून जाण्यास पाऊण मिनिट लागतें. शिवाय वाटेंत नळीचा धातूही आपला उष्णतेचा वांटा घेतो. तीच नळी अर्ध्या इंचाची घेतली, तर पाणी दोन लिटरांहूनही कमी मावतें व वाट वीस सेकंदांवर येते. मात्र बारीक नळींत घर्षण अधिक, आणि एकाच नळीवर दोन-तीन तोट्या एकदम सुटल्या, तर धार मंदावते.

याहून पूर्ण उपाय म्हणजे नळी तोटीपाशीं न संपवितां सांठ्याकडे परत आणावयाची. मग पाणी त्या वळशांतून सतत फिरत राहतें व प्रत्येक तोटीच्या उंबऱ्याशीं ऊन पाणी उभें असतें. उंच घरांत हें अभिसरण आपोआप चाले. बसक्या, लांबट घरांत त्याला जोर नसे. १९२८ मध्यें जर्मनींतील डॉर्टमुंड येथील विल्हेल्म ऑपलेंडर यानें घर उबदार ठेवणाऱ्या नळ्यांसाठीं विजेवर चालणारें अभिसरण-यंत्र तयार केलें. अशा लहान पंपांनीं ती उणीव पुढें भरून निघाली. पण फिरतें पाणी दिवसरात्र भिंतींना ऊब देत बसतें, आणि पाणी वांचलें तरी इंधन जळतें. नळ्यांना वेष्टन घालणें, पंपाला घड्याळ जोडणें, किंवा गरजेपुरतीच कळ दाबणें, हे उपाय त्यासाठींच निघाले.

दुसरा पंथ पाणी नेण्याचा नसून अग्नीच तोटीपाशीं आणण्याचा. १८६८ मध्यें लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या कारागिरानें गॅसच्या ज्योतीनें वाहतें पाणी तत्काळ तापविणारें यंत्र काढलें, आणि आइसलंडमधील उसळत्या झऱ्यांवरून त्यास ‘गीझर’ असें नांव दिलें. मराठी घरांत रुळलेला शब्द तो हाच. त्या पहिल्या यंत्राला धुराडें नव्हतें. बंद खोलींत गॅस जळतांना प्राणवायु कमी पडला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि स्नान करणाऱ्यास सावध होण्यापूर्वींच भोंवळ येते. दीडशें वर्षांनंतरही कोंदट स्नानगृहांत गॅसचा गीझर लावून माणसें दगावतात, तीं याच कारणानें.

इंधन वांचविण्याकरितां पाणी नुसतें कोमट ठेवावें, तर त्यांतही धोका आहे. १९७६ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें माजी सैनिकांच्या मेळाव्यांत फुप्फुसाच्या विकाराची प्राणघातक सांथ पसरली, आणि पुढच्या वर्षीं तिचा जंतु ओळखण्यांत आला. असे जंतु वीस ते पंचेचाळीस अंश सेल्सियसच्या पाण्यांत वाढतात, हें कळल्यावर मोठ्या इमारतींत सांठा साठ अंशांवर, आणि परतीचें पाणी पन्नासाच्या वर ठेवण्याचा दंडक पडला.

महाराष्ट्रांतील तांब्याचा बंब न्हाणीघरांत किंवा त्याच्या दाराशींच असे. मधल्या नळींत निखारे, भोंवतीं पाणी. वरून गार पाणी ओतावें, तेवढेंच ऊन पाणी तोटींतून घंगाळांत पडावें. नळीची लांबी वीतभर, म्हणून वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. आज पुण्यासारख्या शहरीं बंब सौर होऊन गच्चीवर गेला आहे, आणि तळमजल्यावरील कुटुंबास पहिली बादली गार पाण्याचीच मिळते. ती बादली बाजूस ठेवून धुण्याभांड्यास वापरणारी गृहिणी पाणी तरी वांचविते. पण खरी काटकसर घर आंखतांनाच करावयाची असते: स्नानगृहें एकाखालीं एक, नळी आखूड व बेताची, तिच्यावर वेष्टन, आणि इमारत उंच असेल तर परतीची वाट. भिंती एकदां उभ्या राहिल्या, कीं मग वर्षानुवर्षें कोणाला तरी तोटीखालीं हात धरून उभें राहावें लागतें.