तान्ह्या पोळ्याचा बैल

सागाचा ओंडका, आणि त्यावर पेन्सिलीने काढलेली पाठीची रेघ. वाढई आधी वासल्याने मोठाले ढलपे उडवतो, मग पटाशी घेऊन पोटाखालचं लाकूड कोरत चार पाय मोकळे करतो. वशिंडापाशी मात्र हात जपून चालतो. तेवढा उंचवटा राखला नाही तर ओंडका बैल म्हणून वाया गेला. शिंगं बहुधा वेगळी घडवून डोक्यातल्या भोकांत ठोकून बसवतात. मग कानस, पॉलिश पेपर, पांढरा रंग, काळेभोर डोळे, आणि पायांखाली चार चाकांची फळी. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात सुताराला वाढई म्हणतात. पोळा जवळ आला की त्याच्याकडे दारं-खिडक्यांची कामं मागे पडतात.

श्रावण अमावस्येला मोठ्यांचा पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि कानाशी सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना बेगड, अंगावर झूल, कपाळी बाशिंग. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, त्याखाली बैल उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीतं, म्हटल्या जातात आणि पोळा फुटतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हा पोरांचा. डोक्याला फेटा, कमरेला घोळदार धोतर, एका हातात लाकडी बैलाची दोरी आणि दुसऱ्या हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी. पोरगं घरोघर जातं, बायका बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात. नाणं, नोट, कधी खाऊ. बोजारा मागायला लाजायचं नसतं. तो बैलाच्या धन्याचा हक्क असतो, आणि त्या दिवशी धनी ते पोरगंच असतं.

दुसऱ्याची भूमिका अंगावर घेऊन खेळायचा हा प्रकार आज मोबाइलवर आणि संगणकावर सगळीकडे दिसतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात खेळणारा आधी ठरवतो, आपण योद्धा व्हायचं की जादूगार. १९९० च्या जपानी ‘फायनल फँटसी ३’ या खेळात तर पात्राचा धंदा खेळता खेळता बदलताही येत होता. २०१६ साली आलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने काही वर्षं खपून घडवला. शेत नांगरायचं, लाकूड तोडायचं, खाणीतून धातू आणून अवजारं सुधारून घ्यायची, असा तो खेळ जगभर लाखोंनी खेळला. तान्हा पोळा याच कुळातला आहे, फक्त कितीतरी जुना. त्याच्यामागची गोष्ट नागपूरची आहे.

तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली सुरू केला, असं नागपुरात सांगितलं जातं. शेतीला बैल किती लागतो हे पोरांच्या मनावर ठसावं, हा त्यामागचा हेतू मानतात. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८०३ मध्ये, अडगावच्या लढाईत भोसल्यांचा इंग्रजांपुढे पराभव झाला होता. डिसेंबरातल्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड हातचा गेला. राज्याचे लचके तुटत असताना राजाने पोरांच्या हाती लाकडाचा बैल दिला. ही कथा जशी सांगतात तशीच घडली असेल, तर पराभूत राजाच्या कामांतलं हेच काम सर्वांत जास्त टिकलं, असं म्हणावं लागेल.

पांढुर्णा-सौंसरचं नागपूरशी नातं मात्र भोसल्यांच्याही आधीचं आहे. छिंदवाड्याजवळच्या देवगडला गोंड राजांची गादी होती आणि तिथल्याच बख्त बुलंदाने नागपूर वसवलं. भोसले आले ते त्या घराण्याच्या भांडणात पडून. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, तरी राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत हे दोन मराठी तालुकेही. शाळा, कचेरी, न्यायालय हिंदीत गेलं. पोळा गेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला.

पोळा सजतो तो एकट्या शेतकऱ्याच्या जिवावर नाही. नांगर आणि वखर वाढयाचा, फाळ लोहाराचा, कासरे आणि म्होरक्या दोर वळणाऱ्याच्या, झुलीचं कापड कोष्ट्याच्या मागावरचं, पूजेच्या पाटावरचे मातीचे बैल कुंभाराचे. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून बलुत्याचा हा सगळा हिशेब मांडला. पुढच्याच वर्षी रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्याची पानं चाळली की एकेका धंद्याची वेगळी नोंद लागते: सुतार, लोहार, कुंभार, कोष्टी, तेली, माळी. संगणकाच्या खेळात पडद्यावर धंद्यांची यादी येते, तशीच ही यादी. फरक इतकाच, की खेळात धंदा निवडता येतो आणि गावगाड्यात तो जन्मासोबत कपाळी यायचा. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिलं. मोठ्यांच्या पोळ्यातही ती विभागणी दिसायची. तोरणाखाली कोणाची जोडी पुढे, मानाचा बैल कोणाचा, यावरून गावोगाव तंटे झाले आहेत.

तान्ह्या पोळ्याला सातबारा लागत नाही, गोठा लागत नाही. ज्याच्या बापाकडे जमिनीचा तुकडाही नाही, त्या मजुराचं पोरगंही त्या संध्याकाळी दोरी धरून शेतकरी होतं. बापजाद्यांना न मिळालेली भूमिका त्याला वितभर लाकडामुळे मिळते. या खेळात सर्वांत मोलाचं काही असेल तर ते हेच.

त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर दुसरा खेळ असतो, गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर निशाण लावतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. दोन्हीकडून दगड सुटतात, आणि दगडांच्या माऱ्यातून कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत जायचं, झाड तोडायचं. निशाण चंडीमातेच्या देवळात गेलं की खेळ संपतो. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत असताना दोन्ही काठांवरून दगड आले, ही त्यामागची लोकप्रिय कथा. काहीजण सैनिकांच्या सरावाची आठवण त्यात पाहतात. इथेही भूमिका ठरलेल्या असतात: फेकणारे, दगड गोळा करून देणारे, झाडाकडे धावणारे. पण इथलं रक्त खरं असतं. आजवर माणसं दगावली, कित्येकांचे डोळे गेले. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी लावून पाहिली, दगड सुटतच राहिले. परंपरेचं प्रेम समजू शकतं, पण एका कुटुंबाचा मुलगा त्या नदीत पडतो तेव्हा ते प्रेम अपुरं पडतं.

ट्रॅक्टर आले तशा दावणी रिकाम्या होत गेल्या. ज्या घरात खरी जोडी राहिली नाही, तिथेही लाकडी बैल असतो. सण झाला की तो माळ्यावर जातो. वर्षभराने खाली येतो तेव्हा एखादं चाक निखळलेलं असतं, एखादं शिंग गळालेलं. पोळ्याच्या आधी पोरगं तो काखेत धरून वाढयाकडे नेतं. वाढई भोकातला जुना तुकडा खिळ्याने उकरून काढतो, नवं शिंग ठोकतो आणि रंगाआधी पाठीवरून कानस फिरवतो. पांढऱ्याखाली पिवळा निघतो, पिवळ्याखाली पुन्हा पांढरा, आणि त्याखाली कुठेतरी पोराच्या बापाने लहानपणी फासलेला निळा.