भाड्याचं घर आपलं कधी होतं?

कर्जत, नेरळ, खोपोलीकडच्या बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. घर घ्यायचंय, पण बँक कर्ज देत नाही, कारण नवऱ्याचा पगार रोखीने आणि आपली कमाई खानावळीची नाहीतर शिवणाची. तिकडे घरमालकही अडचणीत. त्याला विकायचंय, पण एकरकमी पैसे देणारं गिऱ्हाईक मिळत नाही. मग दोघं ठरवतात : थोडी रक्कम आता द्या, राहायला या, दरमहा भाडं द्या. त्यातला काही भाग किमतीत वळता करू, आणि चार वर्षांनी खरेदीखत करू. हे करावं की नाही, असं बायका विचारतात.

उत्तराआधी थोडं मागे जाऊ. भाडं देता देता मालक होण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. जमीन खोत-सावकारांची, कसणारं कूळ वेगळं. पिढ्यान् पिढ्या खंड भरूनही जमिनीवर कुळाचं नाव लागत नसे. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात, नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप केला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं तो चालला. पुढे १९४८ साली कूळकायदा आला. त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ रोजी जमीन कसणारं कूळ ‘मानीव खरेदीदार’ ठरलं. म्हणजे कालपर्यंत खंड देणारा आता किंमत देणारा झाला.

ही किंमत मालकाच्या मर्जीवर नव्हती. ती शेतजमीन न्यायाधिकरण ठरवायचं. साध्या कुळासाठी ती आकाराच्या २० पटींपेक्षा कमी नाही आणि २०० पटींपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा होती. पैसे एकदम किंवा वार्षिक हप्त्यांनी भरता येत. सगळी रक्कम फिटली की कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळे. आपल्याकडची जुनी माणसं त्याला अजून ‘३२ म चं सर्टिफिकेट’ म्हणतात. ते ज्या घरात जपून ठेवलंय, त्या घराची जमीन टिकली.

या कायद्यात विकणाऱ्या बाजूचाही विचार होता. जमिनीची मालकीण विधवा असेल, किंवा मालक अज्ञान मूल असेल, तर १ एप्रिलला जमीन आपोआप कुळाकडे जात नसे. खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. नंतर ठरलेल्या मुदतीत कुळाने नोटीस द्यायची असे. ती मुदत चुकली म्हणून अनेक कुळांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. खंड भरला होता, जमीन कसली होती. अडलं ते कागदावर.

घरांच्या बाबतीत हीच पद्धत सरकारी मंडळांनी आणली. मुंबईत १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ झालं, १९७७ साली म्हाडा आली. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको १९७० साली स्थापन झाली. या संस्थांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ‘भाडेखरेदी’ पद्धतीने घरं दिली. सुरुवातीला ठरावीक रक्कम, मग दरमहा हप्ता, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर मालकी. गिरणीतला कामगार, एस. टी.चा कंडक्टर अशांना त्यामुळे पक्कं घर घेता आलं. इथे विकणारी सरकारी संस्था होती, किंमत लिहिलेली होती आणि प्रत्येक हप्त्याची पावती होती.

हा आधार नसला की काय होतं, ते अमेरिकेतल्या शिकागो शहरात दिसलं. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना बँका कर्ज देत नसत. दलाल स्वस्तात घरं घेत आणि याच कुटुंबांना दुप्पट भावाने, हप्त्यांच्या करारावर विकत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाचीच. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. १९६८ साली ही कुटुंबं एकत्र आली, संघटना केली, हप्ते थांबवले आणि शेकडो करार नव्याने लिहून घेतले.

आता आपल्याकडे पाहू. नुसत्या साठेखताने मालकी मिळत नाही. २००१ च्या दुरुस्तीनंतर, साठेखत नोंदणीकृत नसेल तर त्याच्या आधारावर मिळालेला ताबाही कायदा राखत नाही. कुलमुखत्यारपत्र करून घर ‘विकलं’ तरी मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलंय. तरी लोक नोंदणी टाळतात. ताब्यासह साठेखत केलं की खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क तेव्हाच भरावं लागतं, हे त्याचं मोठं कारण. पण ते पुढे खरेदीखताच्या वेळी वळतं होतं. आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात शुल्कात एक टक्का सवलत आहे.

म्हणून असा व्यवहार करायचा असेल तर आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका बघा. त्यावर बँकेचा बोजा आहे का? मालकाने आपलं कर्ज थकवलं तर तुम्ही वेळेवर भाडं भरूनही बँक घराचा लिलाव करू शकते. सातबाऱ्यावर कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा किंवा आदिवासी खातेदाराचं नाव असेल, तर आधी तहसील कचेरीत विचारा. अशी जमीन विकण्यावर कायद्याची बंधनं असतात.

मग किंमत आजच लिहून घ्या. दरमहा भाडं किती आणि त्यातून किमतीत वळतं किती, ते वेगळं लिहा. हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत, आणि व्यवहार मोडला तर कोणाला किती परत, हेही लिहा. ते विकणाऱ्या ताईच्याही फायद्याचं आहे. घर अडकून पडलं आणि पैसेही थांबले, अशी वेळ तिच्यावर येऊ नये. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि पैसे बँकेतूनच द्या.

ज्यांनी स्टॅम्प पेपरवर सही करून आधीच पैसे दिलेत, त्यांनी पावत्या, पासबुक आणि तो कागद एकत्र करावा आणि कर्जत किंवा खालापूरच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. एकटीने जायला बिचकत असाल तर गटातल्या दोघींना सोबत न्या.