पीटची सवय किती जुनी?

फिनलंड-स्वीडनपासून कॅनडापर्यंतच्या वनरोपवाटिकांत पाइन-स्प्रूसची रोपे पीटमध्ये, म्हणजे दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, वाढवण्याचा रिवाज इतका रुळला आहे, की तो पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटावा. प्रत्यक्षात त्याला जेमतेम दोन पिढ्या झाल्या. त्याआधी ही रोपे वाफ्यातल्या साध्या मातीत वाढत आणि उघड्या मुळांनीच लावणीला जात. कुंड्यांसाठी माळी कुजलेला पालापाचोळा वापरत. पण त्याचा प्रत्येक ढीग वेगळा, शिवाय रोगाची भीती. म्हणून १९३० च्या दशकात इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी प्रमाण बांधून दिले: वाफेने निर्जंतुक केलेली माती ७ भाग, पीट ३, वाळू २. पुढे १९६० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाच्या मिश्रणातून मातीही गेली. पीट आणि व्हर्मिक्युलाइट हे भाजून फुगवलेले खनिज एवढेच उरले. त्याच सुमारास फिनलंडमध्ये कागदी कप्पे आणि कॅनडात स्टायरोफोमचे ठोकळे आले. यंत्राने भरायच्या या चिमुकल्या कप्प्यांना हलके, आम्लधर्मी, सर्वत्र सारखे पीट सोयीचे पडले. पीट जिंकले ते या सोयीमुळे. त्यावाचून सूचिपर्णी रोपाचे अडते म्हणून नव्हे.

त्यामुळे पीटऐवजी दुसरे माध्यम सुचवले की होणारी ‘पर्याय पीटसारखा वागत नाही’ ही तक्रार मला अपुरी वाटते. तो तसा वागणार नाहीच. लाकडाच्या ताज्या भुशातले जंतू रोपाच्या वाट्याचा नत्र खातात, तेव्हा खत वाढवावे लागते. काथ्याच्या भुशात मीठ असते. तो धुऊन त्यावर कॅल्शियम नायट्रेटची प्रक्रिया करावी लागते. पाइनची साल पाणी कमी धरते, म्हणून पाणी थोडे थोडे पण वारंवार द्यावे लागते. तरीही अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रोपवाटिकांनी लाकूडगिरण्यांमागे पडून राहणारी ही साल गेली अनेक दशके कुंड्यांत वापरली आहे. ओहायोत हॅरी हॉयटिंक यांनी तर दाखवून दिले, की कुजवलेली साल मूळकुजीला आवर घालते. हा गुण पीटमध्ये सहसा नसतो.

वनरोपवाटिकांना लागते तरी किती पीट, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. शेती आणि इंधनासाठी याहून कितीतरी अधिक दलदल सुकवली गेली, हे खरेच. पण पीटचा थर वर्षाला सुमारे १ मिलिमीटर चढतो, म्हणजे मीटरभर थराला हजारेक वर्षे लागतात. कार्बन साठवण्याच्या नावाने जंगल लावायचे आणि त्यासाठी साठलेला कार्बन उकरायचा, हे थोड्या प्रमाणातही पटणारे नाही; उलट गरज थोडी असेल तर ती बदलणे सोपे. मात्र त्यासाठी केरळ-तमिळनाडूतला काथ्याचा भुसा तिथलेच गोडे पाणी खर्चून धुवायचा आणि जहाजाने उत्तरेला न्यायचा, हे मला मान्य नाही. उत्तरेकडच्या वनखात्यांनी आधी आपल्याच गिरण्यांची साल आणि लाकूडतंतू वापरावेत.