गोळीचा अंमल, गोळीची खूण

औषधाचा अंमल ओसरला म्हणजे औषध संपले, असे आपण सारे समजून चालतो. ताप उतरल्यावर कालच्या गोळीचा विचार कोण करतो? पण खेळाडूच्या बाबतीत अंमल निराळा आणि खूण निराळी. या दोहोंमधील अंतराचा निवाडा केवढा कठीण असतो, हे आपण 2016 साली पाहिले.

नरसिंग यादव हे नाव वसई-विरारकरांस परके नाही. आपली लोकल ज्या जोगेश्वरीवरून जाते तेथे हा मल्ल वाढला, कांदिवलीच्या केंद्रात घडला. 2011, 2012 आणि 2013 अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा त्याने खांद्यावर घेतली. 2015 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकमधील 74 किलो गटाची जागा मिळविली, तेव्हा 1952 सालच्या हेलसिंकीची आणि खाशाबा जाधवांची आठवण अनेकांना झाली असेल. खाशाबांच्या काळी असली तपासणीच नव्हती; ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची परीक्षा सुरू झाली ती 1976 साली, माँट्रियलला.

रिओला जाण्यापूर्वी, 25 जून आणि 5 जुलै रोजी घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन सापडले. हे औषध जुने. सिबा कंपनीने 1958 साली अमेरिकेत ते डायनाबोल या नावाने बाजारात आणले. पोटात गेल्यावर यकृतात ते सहजी मोडू नये अशी त्याच्या रेणूची घडण आहे; तरीही काही तासांतच त्याचा निम्मा भाग रक्तातून नाहीसा होतो. तेलातून टोचावयाच्या स्टेरॉइडांची गोष्ट वेगळी. ती स्नायूत साठून आठवडेच्या आठवडे पाझरत राहतात. गोळीचा कारभार मात्र लवकर आटोपतो.

मग खूण कसली उरते? शरीर औषधाचे रूप पालटून ते लघवीवाटे टाकते. त्या पालटलेल्या रूपांपैकी काही फार चिवट निघतात. 2006 साली कोलोनच्या प्रयोगशाळेने असा एक अवशेष दाखविला, की 5 मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर तो 19 दिवसांपर्यंत ओळखता आला! अंमल तासांचा, साक्ष आठवड्यांची.

नरसिंगचे म्हणणे असे, की कोणीतरी त्याच्या खाण्यापिण्यात हे कालविले. 1 ऑगस्टला देशातील उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने ते मान्य केले. जागतिक संस्था मात्र रिओतील क्रीडा लवादाकडे गेली. तेथे कॅनडाच्या एका तज्ज्ञ विदुषीने सांगितले, की पहिल्या नमुन्यातील दीर्घकाळ टिकणाऱ्या अवशेषाचे प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीचे नव्हे, एक-दोन गोळ्या गिळल्याचे आहे. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी, चार वर्षांची बंदी जाहीर झाली. अवशेषाचे प्रमाण मोजता येते. तो शरीरात कोणाच्या हातून गेला, हे मात्र त्यावर लिहिलेले नसते. प्रयोगशाळेच्या शास्त्राला एवढी मर्यादा आहे, असे आम्हांस वाटते. लवादालाही पुरावा मागणे भागच होते, आणि कटाचा पुरावा त्याच्यापुढे आला नाही. नरसिंगने आपण निर्दोष असल्याचेच सांगितले.

2020 साली मुदत सरली. त्या डिसेंबरात बेलग्रेडच्या मॅटवर तो पुन्हा उतरला, तेव्हा त्याचे वय 31 होते. पहिलीच कुस्ती तो हरला.