कोतवालाच्या काठीपासून कॅमेऱ्यापर्यंत

वर्धा जिल्ह्यातल्या केळझरला लोक महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. तिथे बकासुर राक्षसाला रोज गाडाभर अन्न पोचवायचे, म्हणजे बाकीचे गाव सुखरूप. हप्ताच म्हणा ना!

इतिहासकाळात वर्ध्यासह मध्य प्रांतातल्या गावांचा पहारा कोतवालाकडे असे. रात्रीची गस्त आणि मोबदल्यात बहुधा धान्य. पश्चिम महाराष्ट्रात हे काम रामोशांचे, खानदेशात जागल्यांचे. चोरी झाली की माग त्यांनीच काढायचा. पावले शिवेपलीकडे गेली, तर पुढचा शोध शेजारच्या गावाच्या गळ्यात.

पहाऱ्याचा कॅमेरा आला युद्धातून. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडेला रॉकेटचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी तो बसवला गेला. दुकानात मात्र चोरापेक्षा त्याचा रोजचा उपयोग गल्ल्यावर: गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली की शंभराची, हा वाद मिनिटात मिटतो.

कोर्टात मात्र चित्रणाने वाद मिटणे इतके सोपे नाही. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रणच कळीचे ठरले. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की चित्रणाची प्रत द्यायची तर तेव्हाच्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच मालकाने साक्षीत हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही म्हटले.