दात्याचे दान आणि गावाचा अहवाल

मंदिराचा कळस चढला की आपले कर्तव्य संपले, असे आपणा सर्वांना वाटते. परंतु एक काम मागे राहते. ज्यांनी वर्गणी दिली, ज्यांनी दगड-वाळू वाहिली, ज्यांनी रात्री जागून सामानाची राखण केली, त्यांच्यापुढे जमाखर्च व कामाची हकीकत ठेवणे हे ते काम होय. वार्षिक अहवाल म्हणजे इंग्रजी अमदानीत आलेली कचेरीची रीत, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास पाहिला तर आपल्या भूमीत या विचाराचे मूळ फार जुने आहे.

नाशिकजवळ पांडवलेणी आहेत. त्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३००० कार्षापण नाण्यांचे कायमचे दान केले. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावावयाचा नाही, केवळ व्याज खर्चावयाचे, असे स्पष्ट लिहिले आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. २००० वर दरमहा २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण व्याज. २० भिक्षूंना प्रत्येकी १२ प्रमाणेही २४०च. एका नाण्याचाही फरक नाही! हे सर्व नगराच्या सभेत ऐकविले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदविले, असेही लेख सांगतो. दाता राजाचा जावई होता, तरीही दानाचा तपशील लोकांच्या कानी घालणे त्याला आवश्यक वाटले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पुणे जिल्ह्यातील कार्ले लेणे दुसरा धडा शिकविते. तेथील खांबांवर व भिंतींवर अनेक सामान्य दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी तेथे आहे, तसाच धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतारही आहे. दर्शनी दाराचे काम त्याने केले, अशी नोंद आहे. शेठजींचे नाव आणि कारागिराचे नाव एकाच दगडावर! पैसा देणारा आणि हात देणारा, दोघांचीही आठवण त्या लोकांनी राखली.

अलीकडच्या काळाकडे वळू. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. समाजाने १८७७ साली आपल्या कामाचा रिपोर्ट लोकांपुढे ठेवला. पुढे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. खेड्यातील मायमाउली दळणापूर्वी मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला काढीत. हाच तो मुष्टिफंड. पैशाने गरीब असलेले घरही त्यामुळे दात्यांच्या पंक्तीत बसले. १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला आणि नोंदणी झालेल्या संस्थांना, देवस्थानांनाही, हिशेब ठेवणे व तपासून घेणे बंधनकारक झाले. आज हाच कायदा महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. परंतु कायद्याचा हिशेब धर्मादाय कचेरीत जातो. गावाचा अहवाल घरोघर गेला पाहिजे.

हे लिहिण्याचे कारण आपल्या गावातच आहे. पूर्वी एका सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा झाली होती. काम झाले, कोणी पैसा खाल्ला नाही. परंतु पावतीपुस्तके एका घरात राहिली, लिहिणारे गृहस्थ वारले आणि हिशेब गावापुढे आलाच नाही. पुढच्या वेळी आपली मंडळी मुंबईस गेली, तेव्हा तेथील गावकऱ्यांनी चहा पाजला, विचारपूस केली आणि वर्गणीचे नाव निघताच हात आखडता घेतला. प्रामाणिक माणसांवर आलेला तो संशय अनेक वर्षे फिटला नाही. चार पानांचा अहवाल छापला असता तर तो टळला असता.

म्हणून यापुढे दरवर्षी मार्चअखेर हिशेब तपासून अहवाल काढावा, अशी नम्र सूचना आहे. त्यात चार गोष्टी असाव्यात. काय करावयाचे ठरले होते व किती झाले. जमा किती व खर्च कोठे. काय राहिले व का राहिले. आणि कोणी काय दिले. शेवटच्या यादीत रोख रकमेबरोबर धान्य, बैलगाडीच्या खेपा व श्रमदानाचे दिवसही यावेत. चूक झाली असल्यास तीही लिहावी. लपविलेली चूक चावडीवर मोठी होते, सांगितलेली चूक लोक पोटात घालतात. अहवाल ग्रामसभेत वाचावा, कारण सर्वांनाच वाचता येते असे नाही. परगावच्या दात्यांना तो टपालाने पाठवावा.

उषवदाताची नाणी केव्हाच विरली. हिशेब मात्र दगडावर अजून वाचता येतो. आपल्या गावाचाही हिशेब असाच वाचता यावा, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.