इंधनाच्या नावाने

धुळ्याच्या किंवा जळगावच्या घरातला मुलगा अमेरिकेत स्थिरावला, की काही वर्षांत एक तिकीट हमखास निघते. सुनेचे बाळंतपण असते, आईला बोलावणे येते. मुलाकडे कामाच्या प्रवासाचे आणि क्रेडिट कार्डाचे माइल्स साठलेले असतात. “आई, तुझं तिकीट फुकटात काढतो,” असे तो फोनवर सांगतो आणि कॉम्प्युटरसमोर बसतो. माइल्स वजा होतात. मग खाली रुपयांत एक आकडा येतो, आणि तो पाहून मुलगा गप्प होतो. सुट्टीचा हंगाम नसला, तर कधीकधी तेवढ्या रकमेत थोडी भर घालून साधे तिकीटच विकत मिळाले असते.

या आकड्यावर मथळा असतो ‘कर, शुल्क व अधिभार’. त्यावर बोट ठेवले की पोटातल्या ओळी उघडतात. के3 म्हणजे जीएसटी. पी2 म्हणजे विमानतळावरच्या सुरक्षेचे शुल्क. आयएन म्हणजे विमानतळ चालवणाऱ्याला जाणारे वापर शुल्क. हे पैसे सरकारकडे किंवा विमानतळाकडे जातात, माइल्स असोत वा नसोत, ते द्यावेच लागतात. त्यांच्याबरोबर वायक्यू किंवा वायआर अशी एक ओळ असते, आणि पुष्कळदा सगळ्यांत मोठी रक्कम तिच्यासमोर असते. ही रक्कम कुठल्याही सरकारकडे जात नाही. ती विमान कंपनीच्याच गल्ल्यात पडते. करांच्या रांगेत उभा असलेला हा पैसा मुळात भाडेच आहे, आणि तो त्या रांगेत कसा जाऊन बसला याचा इतिहास प्रत्येक प्रवासी कुटुंबाला माहीत असायला हवा.

इंधनाचा आकार वेगळा लावायची पद्धत विमानांनी शोधलेली नाही. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले, भाव चौपट झाले, तेव्हा मालवाहू जहाजांच्या कंपन्यांनी ठरलेल्या भाड्यावर जहाजी तेलाचा अधिभार चढवला. भाड्याचे करार आधीच झालेले होते, ते मोडता येत नव्हते, तेल मात्र रोज महागत होते. अशा वेळी वाढलेल्या खर्चापुरता वेगळा आकार लावणे रास्तच होते.

खानदेशात हीच गोष्ट घरोघरी विजेच्या बिलावर येते. महावितरणच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ अशी एक ओळ असते. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या चिमण्या ज्यांना गच्चीवरून दिसतात त्यांना हे इंधन म्हणजे कोळसा, हे सांगावे लागत नाही. विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो, कोळशाचा आणि विकत घेतलेल्या विजेचा भाव मात्र दरम्यान वरखाली होतो, तो फरक या ओळीत येतो. 2022 मध्ये कोळसा महागल्यावर या ओळीने बिले फुगवली आणि लोक चिडले. तरी या आकाराला आयोगाने ठरवलेले सूत्र आहे, त्याचा हिशेब आयोगापुढे जातो, आणि खर्च खाली आला तर हा आकार वजाही होऊ शकतो. रेल्वेनेही जून 2014 मध्ये प्रवासी भाडे 14.2 टक्क्यांनी वाढवले, तेव्हा त्यातले 4.2 टक्के इंधन समायोजनाचे आहेत असे जाहीर सांगितले. ती वाढ भाड्यातच मुरली. पासधारकाच्या हातात डिझेलची वेगळी पावती कोणी दिली नाही.

विमानांत ही ओळ आधी मालाच्या पावतीवर आली. 1997 मध्ये ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेने मालवाहतुकीसाठी इंधनाचा एक निर्देशांक तयार केला. निर्देशांक ठरावीक पातळी ओलांडेल तेव्हा किलोमागे अधिभार वाढवायचा, अशी योजना होती. अमेरिकी सरकारने त्याला स्पर्धा कायद्यातून सूट दिली नाही. कंपन्यांची एकमेकींशी बोलणी मात्र थांबली नाहीत. 1999 च्या अखेरीपासून 2006 पर्यंत अधिभार संगनमताने ठरवल्याबद्दल युरोपीय आयोगाने 2010 मध्ये 11 विमान कंपन्यांना मिळून सुमारे 80 कोटी युरोचा दंड ठोठावला. ते प्रकरण पुढे न्यायालयात उलटसुलट फिरले आणि 2017 मध्ये दंड थोडा कमी होऊन पुन्हा लागला.

प्रवाशाच्या तिकिटावर हा अधिभार ठळकपणे आला तो 2004 मध्ये. ब्रिटिश एअरवेजने त्या वर्षी मे महिन्यात तो सुरू केला. ऑगस्ट 2004 ते जानेवारी 2006 या काळात ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या दोन स्पर्धक कंपन्यांची माणसे पुढच्या वाढीबद्दल आपसांत बोलत होती. दूरच्या प्रवासाच्या जाण्यायेण्याच्या तिकिटावरचा अधिभार तेवढ्या अवधीत 5 पौंडांवरून 60 पौंडांवर गेला. व्हर्जिनने स्वतःहून कबुली दिली म्हणून ती सुटली. ब्रिटिश एअरवेजला ऑगस्ट 2007 मध्ये ब्रिटनमध्ये 12 कोटी 15 लाख पौंड आणि अमेरिकेत 30 कोटी डॉलर दंड झाला. प्रवाशांना थोडा परतावाही मिळाला.

तेलाचे भाव खरोखरच वाढले होते, मग ती वाढ सरळ भाड्यात का घातली नाही, हा या सगळ्या मागोव्यातला कळीचा प्रश्न आहे. मूळ भाड्यावर पुष्कळ गोष्टी लटकलेल्या असतात. तिकीट काढणाऱ्या एजंटाचे कमिशन मूळ भाड्याच्या टक्क्यांत असे. मोठ्या कंपन्यांना दिलेली सवलत मूळ भाड्यावर असे. आणि माइल्सचे तिकीट म्हणजे मूळ भाडे माफ, एवढाच त्याचा अर्थ होता. शंभर रुपये भाड्यात वाढवले तर त्यातला वाटा एजंटाला जातो आणि माइल्सवाल्याकडून काहीच मिळत नाही. तेच शंभर रुपये अधिभारात वाढवले तर एजंटाला काही द्यावे लागत नाही आणि माइल्सवालाही शंभर भरतो. आपल्याकडे 2008 च्या सुमारास कंपन्यांनी एजंटांचे कमिशनच शून्यावर आणले, तेव्हा या युक्तीचा पहिला उपयोग संपला. दुसरा मात्र अजून चालू आहे. माझ्या मते हा अधिभार इतकी वर्षे जिवंत राहण्याचे मोठे कारण हेच आहे.

माइल्सची योजना जन्मली तेव्हा असे नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना सुरू केली. आरक्षणाच्या कॉम्प्युटरमधून वारंवार प्रवास करणारी माणसे शोधून काढली आणि त्यांना सांगितले, आमच्याच विमानाने जात राहा, ठरावीक मैल झाले की एक तिकीट आमच्याकडून. इराणच्या क्रांतीनंतर तेल तेव्हा आभाळाला भिडले होते. तरीही बक्षिसाच्या तिकिटावर कोणी तेलाचे पैसे मागितले नाहीत. एरवी रिकामी जाणारी खुर्ची निष्ठावान गिऱ्हाइकाला द्यायची, असा तो साधा सौदा होता. त्या खुर्चीसाठी माणसाने वर्षानुवर्षे आपला खर्च एकाच कंपनीकडे वळवलेला असतो. वर पुन्हा इंधनाच्या नावाने पैसे मागणे म्हणजे दिलेला शब्द फिरवणे आहे.

एसटीचे उदाहरण घ्या. 25 जानेवारी 2025 पासून एसटीने भाडे 14.95 टक्क्यांनी वाढवले, तेव्हा डिझेल, चॅसिस, टायर, महागाई भत्ता असे घटक धरणारे हकीम समितीचे सूत्र पुढे केले गेले. वाढ टोचलीच. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. ती धुळ्याहून शिरपूरला निघाली, तर कंडक्टर तिच्याकडे डिझेलचे वेगळे पैसे मागत नाही. तिचे भाडे सरकार एसटीला भरून देते. मोफत म्हटले की मोफत.

जुलै 2008 मध्ये कच्चे तेल पिंपामागे 147 डॉलरच्या वर गेले आणि ते वर्ष सरताना 40 च्या खाली आले. 2014 च्या मध्यानंतर पुन्हा घसरले आणि जानेवारी 2016 मध्ये 30 च्याही खाली गेले. विमानांचा अधिभार मात्र त्या उतारावरून तसा खाली आला नाही. 2012 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने बजावले, की इंधन अधिभार म्हणायचे असेल तर त्या रकमेचा इंधनाच्या प्रत्यक्ष वाढीव खर्चाशी मेळ बसला पाहिजे. त्यानंतर एकेका कंपनीने रक्कम ठेवून नाव बदलले आणि ‘कंपनीने लावलेला आकार’ अशी पाटी आली. वायक्यू आणि वायआर या खुणा होत्या तशाच राहिल्या. त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेजच्या अमेरिकेतल्या काही सदस्यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. माइल्सच्या तिकिटावर घेतलेला इंधन अधिभार इंधनाच्या भावाशी जुळत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. 2018 मध्ये तडजोड झाली आणि सदस्यांना काही रक्कम रोख किंवा माइल्सच्या रूपात परत मिळाली.

आपल्या देशातला धडा मालवाहतुकीतून आला. मे 2008 पासून जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट यांनी मालावर किलोमागे इंधन अधिभार लावला. तिघींचे आकडे एकसारखे, वाढीच्या तारखा जवळजवळ त्याच, आणि विमानाचे इंधन स्वस्त झाले तरी अधिभार खाली येईना. कुरियर कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केली. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2015 मध्ये तिघींना मिळून सुमारे 258 कोटी रुपये दंड केला. अपिलात तो आदेश रद्द झाला, फेरसुनावणी झाली, आणि मार्च 2018 मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला, या वेळी सुमारे 54 कोटींचा.

सरळ वागणारेही आहेत. जपानच्या दोन मोठ्या कंपन्या सिंगापूरच्या केरोसीनच्या सरासरी भावावर दर दोन महिन्यांनी तक्ता जाहीर करतात. 2016 मध्ये भाव पडले तेव्हा त्यांनी अधिभार शून्यावर आणला. सिंगापूर एअरलाइन्सने मार्च 2017 मध्ये आपल्या विमानांतल्या माइल्सच्या तिकिटांवरून तो काढूनच टाकला. इंडिगोने ऑक्टोबर 2023 मध्ये अंतराप्रमाणे 300 ते 1000 रुपये इंधन आकार लावला आणि इंधनाचे भाव उतरल्यावर 4 जानेवारी 2024 रोजी मागे घेतला. तिकिटाचे एकूण भाव त्यामुळे किती उतरले हा वेगळा विषय आहे, पण लावलेली ओळ काढता येते हे तरी दिसले.

आपल्या जिल्ह्यांत इंधनाचा भार उलट्या दिशेनेही हलला आहे. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन मार्च 2012 मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती आणि जळगावच्याच प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले, पण नियमित विमान यायला ‘उडान’ योजना यावी लागली. त्या योजनेत राज्याने अशा विमानतळांवर इंधनावरचा व्हॅट 1 टक्क्यावर आणायचे मान्य केले, तर मुंबई-पुण्यात तो 25 टक्के होता आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 18 वर आला. डिसेंबर 2017 मध्ये एअर डेक्कनचे 18 आसनी विमान आले आणि गेले, 2019 मध्ये ट्रूजेट आली आणि गेली, 2024 पासून फ्लाय91 गोवा, पुणे, हैदराबादला जाऊ लागली. धुळ्याच्या गोंदूरच्या धावपट्टीवर तर वैमानिक घडवण्याचे काम चालते, प्रवासी विमान नाही. तेव्हा खानदेशच्या माणसाचे माइल्स उपयोगाला येतात ते मुंबईपासून पुढेच.

तिथे हा अधिभार टाळायचा तर निवड दोन ठिकाणी करावी लागते. पहिली निवड माइल्स कोणाचे, ही. विमान तेच असले तरी वेगवेगळ्या योजनांतून काढलेल्या तिकिटावर वेगळी रक्कम लागते. युनायटेडची मायलेजप्लस योजना भागीदार कंपन्यांचा हा आकार प्रवाशाकडून घेत नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅनने नोव्हेंबर 2020 पासून तो घेणे थांबवले, भागीदाराच्या तिकिटावर ती फक्त थोडे शुल्क लावते. एअर इंडिया 2014 पासून या दोन कंपन्यांच्याच स्टार अलायन्स या गटात आहे, त्यामुळे या दोन्ही योजनांतून तिची जागा काढता येते. म्हणून कार्डाचे पॉइंट घाईने कुठल्याही योजनेत वळवू नयेत. वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. आधी जागा शोधावी, रुपयांतला आकडा शेवटच्या पानावर पाहावा, मगच पॉइंट हलवावेत.

दुसरी निवड वाटेची. लंडनवरून ब्रिटिश एअरवेजने जाणारी वाट अधिभाराच्या बाबतीत महागड्या वाटांपैकी एक आहे, आणि परतीचा प्रवास लंडनहून सुरू होत असेल तर ब्रिटिश सरकारचा हवाई प्रवासी करही लागतो. तो खराच कर आहे, त्याला कुठल्याही योजनेत पळवाट नाही. प्रवास कुठून सुरू होतो यावरही आकडा बदलतो. ब्राझीलमधून निघणाऱ्या तिकिटांवर इंधन अधिभार लावता येत नाही. त्यामुळे जाण्याचे आणि येण्याचे तिकीट वेगवेगळे, वेगळ्या योजनांतून काढून दोन्हींची बेरीज पाहावी.

तिकीट रद्द करायची वेळ आली तर आपल्याच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा ऑगस्ट 2016 पासूनचा नियम हाताशी ठेवावा. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सरकारी कर व विमानतळाची शुल्के प्रवाशाला परत द्यावी लागतात. सरकारने इथे इंधन अधिभार करांच्या नव्हे, तर मूळ भाड्याच्या शेजारी बसवला आहे. के3, पी2, आयएन या ओळींची बेरीज करून तेवढी रक्कम लेखी मागावी, तिकीट स्वस्तातले आणि परतावा नसलेले असले तरीही.